पाणी सारखं होईस्तोवर

पावसाळ्यात आमच्या गावच्या घराचं कुलूप दरवर्षी हटून बसतं. कर्जतकडचा पाऊस चार महिने भिंतीत, लाकडात, पितळेत मुरतो. गणपतीच्या आधी आठवडाभर मी डोंबिवलीहून लोकलने कर्जतला येते, कशेळ्याच्या बाजूला जाणारी टमटम धरते, अंगणात उभी राहून किल्ली घालते. किल्ली आत जाते आणि फिरत नाही. मग शेजारच्या काकी पायरीवर बसल्या बसल्या म्हणतात, "घासलेट घाल गं. खोबरेल थिजतं." रेशनवरचं घासलेट बंद होऊन जमाना झाला, पण काकींच्या फळीवर एक बाटली असते. ती बाटली संपत का नाही, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

हे कुलूप माझ्यापेक्षा वयाने लहान आहे. आजी होती तोवर दाराला कडी होती, कोयंडा होता, आणि कोयंड्यात कुलपाच्या जागी एक लाकडाची खुंटी. शेतावर जाताना खुंटी अडकवायची, ती कुत्र्या-कोंबड्यांसाठी. रात्री आतून अडसर. सागाचा तो दांडा भिंतीतल्या भोकातून सरकताना जो आवाज करायचा तो ऐकल्याशिवाय मला झोप येत नसे. अडसर आतून लागतो आणि कुलूप बाहेरून, हा फरक मला फार उशिरा कळला. अडसर लागलेल्या घरात माणसं असतात. कुलूप लागलेल्या घरात नसतात. "त्यांच्या घराला कुलूप लागलं" असं गावात कोणी म्हणालं की ऐकणारा चोरांचा विचार करत नाही, घर संपल्याचा करतो. आजीचं तेरावं झालं आणि बाबा कर्जतच्या बाजारात जाऊन कुलूप घेऊन आले. दुकानदाराने दोन किल्ल्या दिल्या. एक बाबांनी करगोट्याला बांधली, एक काकींना दिली.

बाबा किल्लीला चावी म्हणत. आजी किल्लीच म्हणायची. एकाच दारात उभे राहून दोघं दोन खंडांतले शब्द वापरत होते याचा त्यांना पत्ता नव्हता. चावी पोर्तुगिजांनी आणून दिली. कुलूप अरबीतलं, 'कुफ्ल'चं उलटंपालटं झालेलं रूप. टाळं आणि किल्ली मात्र घरची. किल्लीचं मूळ संस्कृत 'कील'. म्हणजे खुंटी, मेख. त्याच घरातून खीळ आली, खिळा आला. कामाला खीळ बसते, धनुर्वातात दातखीळ बसते, आणि त्याच मुळाच्या किल्लीने दार उघडतं. अडवणारी आणि उघडणारी या दोन सख्ख्या बहिणी निघाव्यात हे मला आवडतं. किल्ला मात्र त्यांचा कोणी नाही, तो पुन्हा अरबीतून आलेला पाहुणा. नुसत्या आवाजाच्या ओळखीवर शेजारी येऊन बसलेला.

बाबांच्या तोंडी आणखी एक शब्द असायचा, जो गावात दुसऱ्या कुणालाच लागत नव्हता: लॉक गेट.

ते मुंबईच्या गोदीत होते. कर्जतहून पहाटेची लोकल, शंभर किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. त्यांची गोदी म्हणजे इंदिरा डॉक. बांधली गेली तेव्हा ती अलेक्झांड्रा डॉक होती, १९१४ साली सुरू झालेली, आणि नाव बदलल्यावरही जुने कामगार बरीच वर्षं अलेक्झांड्राच म्हणत. तिच्या तोंडाशी साडेसातशे फूट लांब आणि शंभर फूट रुंद असा एक हौद आहे. दोन्ही टोकांना दारं. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरतीचं पाणी आणि ओहोटीचं पाणी यांत दोन पुरुष फरक पडतो. बाहेरचा समुद्र असा दिवसातून दोनदा उठतो-बसतो, आणि गोदीच्या आत मात्र पाणी एका उंचीला धरून ठेवायचं असतं, नाहीतर धक्क्याला लागलेलं जहाज माल उतरवता उतरवताच खाली जाऊन बसेल. म्हणून हा मधला हौद. जहाज बाहेरून हौदात येतं, मागचं दार लागतं, हौदातलं पाणी आतल्या पाण्याला मिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचं दार.

त्याच १९१४ साली, पाच महिन्यांनी, पनामाचा कालवा उघडला. तिथली दारं आमच्यापेक्षा दहाच फूट जास्त रुंद, असं बाबा जरा ताठ होऊन सांगायचे. "आमच्यापेक्षा" हा शब्द ते असा उच्चारायचे की गोदी त्यांच्या आजोबांनी बांधली असावी.

मी सहा-सात वर्षांची असताना हे सगळं त्यांनी मला राजनाल्याच्या चारीवर करून दाखवलं. राजनाला हा आमच्याकडचा कालवा. भिवपुरीच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर तो चालतो, आणि त्याच्यामुळेच कर्जत तालुक्यातली काही गावं उन्हाळ्यातही भात काढतात. (हे भिवपुरी म्हणजे लोकलचं भिवपुरी रोड स्टेशन नव्हे. ते नेरळ आणि कर्जतच्या मधे आहे आणि वीजघर कर्जतच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. नव्या माणसाची ही चूक हमखास होते.) चारीत बाबांनी दोन हात अंतरावर दोन फळ्या रोवल्या. केळीच्या सोपटाची होडी केली. होडीत एक मुंगळा बसवला. होडी खालच्या अंगाने आली, खालची फळी उचलून ती मधल्या जागेत घेतली, फळी पुन्हा खाली. आता वरच्या फळीला बोटभर फट. पाणी शिरायला लागलं, होडी जागच्या जागी वर चढायला लागली. मला दम धरवेना. मी वरची फळी ओढायला गेले तर ती हलेना. दोन्ही हातांनी ओढली, तरी नाही.

"पाणी सारखं झालं नाही अजून," बाबा म्हणाले. "होऊ दे. मग बोटाने निघेल."

आणि निघाली. खरोखर बोटाने निघाली. पाण्याचा सगळा जोर एकीकडून फळीवर होता तोवर मी कितीही ताकद लावली असती तरी फुकट होतं. दोन्हीकडचं पाणी एका रेषेत आलं आणि फळीवर कुणाचंच वजन राहिलं नाही. होडी वरच्या अंगाला गेली. मुंगळा मधल्या वेळात कधीतरी उतरून निघून गेला होता.

ही युक्ती फार जुनी आहे. चीनमध्ये दहाव्या शतकाच्या अखेरीस, ९८४ साली, मालाच्या होड्या चढावरून ओढताना फुटत आणि लुटल्या जात म्हणून एका अधिकाऱ्याने कालव्यात असा दोन दारांचा कप्पा करवून घेतला. पुढे युरोपात दारांच्या दोन झडपा सरळ रेषेत न लावता पाण्याच्या दिशेने कोन करून लावायची कल्पना निघाली. लिओनार्दो दा व्हिंचीचं नाव तिच्याशी जोडतात. जितकं पाणी रेटतं तितकी ती दारं घट्ट मिटतात. त्यांना कडी नाही, कोयंडा नाही. पाण्याचं वजन हेच कुलूप, आणि किल्ली म्हणजे वाट बघणं.

आपल्याकडे या वस्तूला परिभाषेत 'जलपाश' म्हणतात. शब्द बनवणाऱ्याला फास तेवढा दिसला असावा. त्यापेक्षा आमच्याच जिल्ह्यात, पेण-अलिबागच्या खाडीकाठी, खारबांधाला बसवलेल्या दाराला लोकांनी कितीतरी सरस नाव दिलं आहे: उघाडी. भरतीचं खारं पाणी आलं की ते दार आपोआप मिटतं, ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी त्याला आतून ढकलून बाहेर पडतं. दिवसातले कित्येक तास ते बंद असतं, तरी नाव मात्र उघडण्यावरून. ज्यांची शेती त्या दारावर अवलंबून होती त्यांनी ते ठेवलं आहे.

आम्ही घाटपायथ्याचे, आमच्याकडे खाडी नाही. आमच्याकडे आहे ती भिंत. कर्जत-खालापुरात कुठेही उभं राहून पूर्वेला बघितलं की सह्याद्री आडवा येतो, आणि त्याच्या माथ्यावर, सहाशे मीटरच्या वर, देश सुरू होतो. पनामात जहाजं तीन पायऱ्यांनी सव्वीस मीटर चढतात आणि जग तोंडात बोट घालतं. आमची भिंत त्याच्या वीसपट. तिला मधे कप्पे करायला जागा नाही. त्यामुळे जे काही खालून वर किंवा वरून खाली जायचं त्याला पायथ्याशी थांबावं लागतं. माणूस असो, सैन्य असो, आगगाडी असो.

१८५६ साली रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि अडली. इंग्रजी कागदांत तेव्हाची खोपोली म्हणजे 'कॅम्पुली'. दोन वर्षांनी वरच्या बाजूला खंडाळा ते पुणे रूळ पडले, मधला घाट तसाच. १८६३ मध्ये घाटातला मार्ग पुरा होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस खोपोलीला गाडीतून उतरे, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट चढे, आणि वर दुसऱ्या गाडीत बसे. खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेलं शंकराचं देऊळ आहे, आणि समोर मोठं तळं. घाट चढण्याआधी अंगावरची धूळ धुवायला, जनावरांना पाणी पाजायला. त्या तळ्याच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसलेला १८६० मधला एखादा कारकून मला दिसतो. मागची गाडी परत गेलेली, पुढची डोंगरावर. माणूस दोन दारांच्या मधे.

मग खोपोली बाजूला पडली आणि थांबायची पाळी कर्जतवर आली. घाटात सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट चढ, इतका उभा रस्ता रेल्वेच्या मानाने भिंतच. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिनं जोडतात, ढकलायला. 'बँकर' लागले, म्हणतात. ती जोडली जात असताना जो वेळ मिळतो त्यावर कर्जतच्या बटाटेवड्याची कीर्ती उभी आहे. गाड्यांना थांबायलाच लागलं नसतं तर वडेवाल्या दिवाडकरांचं नाव सोलापूरपर्यंत कशाला गेलं असतं! लहानपणी मला वाटायचं की गाड्या वड्यासाठी थांबतात आणि तेवढ्यात इंजिनं जोडून घेतात.

उतरणाऱ्या गाडीचा प्रकार वेगळा आणि जास्त सुंदर. घाटात मधे मधे रुळाला एक फाटा काढलेला असतो, तो मुख्य मार्ग सोडून डोंगराच्या चढाला जाऊन संपतो. सांधा एरवी लावलेला असतो तो या फाट्याकडे. म्हणजे घाटाचं गृहीत असं की येणारी प्रत्येक गाडी सुटलेली आहे. गाडीने तिथे येऊन पूर्ण थांबून दाखवायचं, आपण आपल्या ताब्यात आहोत हे पटवायचं, मगच सांधा फिरतो आणि खालची वाट मिळते. मंकी हिल, ठाकूरवाडी, जांब्रुंग. रात्रीच्या गाडीने पुण्याहून येताना अंधारात गाडी विनाकारण थांबली की शेजारचा प्रवासी कुरकुरतो, "सिग्नल नाही वाटतं." मी त्याला समजावून सांगायला जात नाही. पण थांबण्याची ऐपत हीच पुढे जाण्याची परवानगी, हा हिशेब बाबांना लगेच कळला असता.

याच भिंतीच्या पोटात, खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ, उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१. पुण्यात ठाण मांडून बसलेल्या शाहिस्तेखानाने कारतलबखानाला कोकणात उतरायला पाठवलं. सोबत मोगलांची सरदारीण रायबागन. सैन्य घाट उतरून दाट रानातल्या अरुंद वाटेत शिरलं. पुढची वाट शिवाजी महाराजांनी धरली होती, मागची त्यांच्या माणसांनी बंद केली. वर कडे, खाली रान, मधे हजारोंची फौज, आणि प्यायला पाणी नाही. शिवभारतात याचं वर्णन आहे. शेवटी रायबागनने खानाला शरण जाण्याचा सल्ला दिला, खानाने सामानसुमान आणि खंडणी ठेवली, आणि त्यांना जाऊ दिलं गेलं.

शाळेत आम्ही हे शौर्याचा धडा म्हणून शिकलो आणि ते बरोबरच आहे. पण मला आता त्यातला सगळ्यात नवलाचा भाग शेवटचा वाटतो. कोंडलेल्या फौजेची कत्तल झाली नाही. दोन्ही दारं मिटली, आतला माज उतरला, दार उघडलं. मराठीत या सगळ्याला एकच शब्द आहे, कोंडी. शत्रूची कोंडी, द्रुतगती मार्गावर शनिवारी सकाळी होते ती वाहतुकीची कोंडी, बोलणी अडली की होणारी कोंडी. मात्र कोंडी 'फोडायची' असते असं आपण धरून चाललो आहोत. कोंडी भरूही शकते, हे क्रियापद मराठीत का रुजलं नाही कोण जाणे. आमच्या भाताच्या खाचरात तर दुसरं काय चालतं? बांध घालून पाणी कोंडायचं, वरचं खाचर भरलं की बांधाला तोंड पाडून खालच्याला द्यायचं. पायरीपायरीने अख्खा डोंगर उतरून पाणी येतं आणि कुठे मातीचा कण हलत नाही.

आता या भागातल्या सगळ्यात मोठ्या पाण्याबद्दल. ते पायरीने उतरत नाही.

लोणावळा, वळवण आणि शिरवता इथे धरणं बांधून टाटांनी देशावरचं, म्हणजे एरवी भीमेतून कृष्णेला आणि पुढे बंगालच्या उपसागराला गेलं असतं असं पाणी अडवलं आणि घाटाच्या कडेवरून पाइपात घालून पश्चिमेला सोडलं. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. १९२२ मध्ये ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावरचं भिवपुरीचं. खोपोलीला पाणी पाचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवरून येतं आणि चाकाच्या वाट्यांवर आदळतं. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या फिरल्या. आदळून झाल्यावर जोर संपलेलं पाणी खोपोलीतून पाताळगंगेत जातं, रसायनीकडच्या कारखान्यांना मिळतं. भिवपुरीचं पेज नदीत आणि राजनाल्यात येतं. आमचं उन्हाळी भात, कर्जत शहराचं पिण्याचं पाणी, पेजेच्या काठचे मळे, सगळं या उष्ट्या पाण्यावर. उष्टं हा शब्द काकींचा आहे. त्या तो नावं ठेवायला वापरत नाहीत. "मुंबईने वीज खाल्ली, पाणी आपल्याला ठेवलं," एवढंच.

बाबांच्या गोदीतलं दार आणि भिवपुरीचं चाक, दोन्ही पाण्याचीच यंत्रं. पण मी मोठी झाले तसं मला दिसत गेलं की त्यांचं एकमेकांशी हाडवैर आहे. लॉक गेटचं काम दोन्हीकडचं पाणी सारखं करणं. तोच त्याचा धंदा, ते झालं की दार उघडतं. चाकाचा धंदा नेमका उलटा. वरचं पाणी आणि खालचं पाणी यांत जितकं अंतर जास्त तितकी त्याची कमाई. पाणी सारखं झालं तर चाक थांबलं. आमचा सगळा मुलूख, नीट बघितलं तर, चाकाच्या नियमावर चालतो. पाचशे मीटरच्या फरकावर.

धाकट्या काकांचं काय झालं ते मी याच नियमात बसवून बघते. खोपोलीच्या एका कारखान्यात ते बावीस वर्षं होते. पगारवाढीची बोलणी फिसकटली, आणि एका सकाळी पहिल्या पाळीला गेलेली माणसं फाटकावरचा कागद वाचून परत आली. टाळेबंदी. कामगारांनी काम बंद केलं तर संप, मालकाने दार बंद केलं तर टाळेबंदी. कायद्यात दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले असतात, तराजूच्या दोन पारड्यांसारखे. काका सहा महिने रोज डबा घेऊन त्या फाटकापर्यंत जात. काकू डबा भरून देत. दोघांपैकी कुणीच विषय काढला नाही. ते फाटक आतून लावलेलं होतं, आणि माणसं तर बाहेर. अडसराबद्दल मी वर जे लिहिलं ते तिथे लागू पडत नव्हतं. कारखाना पुन्हा उघडला तेव्हा काका परत गेले नाहीत. त्यांनी गावात पिठाची गिरणी टाकली. तिचं दार ते रात्रीसुद्धा नुसतं लोटून घेत. २०२० च्या मार्चमध्ये वर्तमानपत्रांनी लॉकडाऊनला टाळेबंदी म्हणायला सुरुवात केली तेव्हा काका पेपर बाजूला ठेवून एवढंच म्हणाले, "ही दुसरी."

त्या दुसरीत कर्जत स्टेशन मी फोटोत पाहिलं. लोकल नाही, बँकर नाही, वडे नाहीत. भिंतीच्या पायथ्याशी थांबलेलं सगळं, आणि चढायला कोणी नाही.

ती उठल्यावर आमच्याकडे कुलपांचं पीक आलं. खरं तर आधीच आलं होतं, तेव्हा भराला आलं. भाताची जमीन विकली गेली, तिच्यावर बंगले उठले. फार्महाऊस म्हणतात, फार्म नावापुरतं, आणि हाऊस आठवड्यातले दोन दिवस. सोमवार ते शुक्रवार अख्खी ओळच्या ओळ कुलपात. किल्ली असते कुंपणाच्या आत पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या जोडप्याकडे. बहुधा ते कातकरी असतात, याच रानातले, काही ठिकाणी त्याच जमिनीवर पूर्वी लावणीला येणारे. बिजागऱ्यांना तेल घालणं, पोहण्याच्या तलावातला पाचोळा काढणं, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून ठेवणं.

अशा एका बंगल्याच्या राखणदाराशी माझी ओळख झाली ती कुलपावरूनच. त्या वर्षी काकींची बाटलीसुद्धा हरली. त्याने येऊन दोन मिनिटांत कुलूप उघडून दिलं, कसल्याशा तारेने. मी हबकलेच. "एवढं येतं होय तुला?" "ताई, तीन बंगल्यांच्या चाव्या हायेत माझ्याकडं," तो म्हणाला. "शेट लोक चाव्या हरवतात. मंग उघडाय लागतंच." त्याच्या कमरेला जुडगा होता, पंचवीस-तीस किल्ल्यांचा, चालताना वाजणारा. जुन्या वाड्यातल्या कर्त्या बाईसारखा. त्याच्या स्वतःच्या वाडीतल्या घराचं मी विचारलं. दिवाळीनंतर वाडीतली बरीचशी घरं वीटभट्टीवर जातात, ती थेट पावसाच्या तोंडावर येतात. तेव्हा घर कसं ठेवता? "कसं म्हंजे? ताटी लावून." कुडाची ताटी, वर दोरीची गाठ. "आत काय हाय कुलूप लावाय?"

ताटी म्हटल्यावर माझ्या डोक्यात आळंदीची ताटी आली. ज्ञानेश्वरांनी रागावून, दुखावून आतून लावून घेतलेली, आणि जिच्याबाहेर उभं राहून मुक्ताबाईने समजूत घातली. अभंग सगळ्यांना माहीत आहेत. मी मात्र त्या ताटीच्या बांधणीचा विचार करत राहिले. काटक्या आणि दोरीचं दार, वाऱ्याने उडेल असं. मुक्ताबाईने एक धक्का दिला असता तर पडलं असतं. तिने दिला नाही. ती बोलत राहिली, आत आणि बाहेर सारखं होईस्तोवर. असो. त्या राखणदाराला मी ते सांगितलं नाही. त्याला शुक्रवारचे दिवे लावायला जायचं होतं.

बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. करगोट्याची किल्ली माझ्या पर्समध्ये असते, डोंबिवलीच्या फ्लॅटच्या किल्लीशेजारी. मोबाइल उघडायला माझा चेहरा पुरतो, बँकेला अंगठा पुरतो, घराला अजून धातू लागतो. दुसरी किल्ली काकींकडे. ती त्यांनी कधी वापरलेली नाही, त्यांना गरजच पडत नाही. पण मे महिन्यात येते तेव्हा तुळशीला पाणी असतं आणि पायरी झाडलेली असते. गेल्या खेपेला त्या म्हणाल्या, "माझ्या मागारी ही चावी कुणाकडं द्यायची ते सांगून ठेव." मी म्हटलं, बघू. काय बघू ते मला माहीत नाही. त्यांची दोन्ही मुलं बदलापूरला आहेत.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी पेजेवर गेलो. उन्हाळ्यात तिला पाणी असतं ते वरून सोडतील तेवढंच. मुंबईत दिवेलागणीला विजेची मागणी चढते, तशी घाटाखालची चाकं जोरात फिरतात, आणि थोड्या वेळाने आमची नदी वाढते. पावसाचा टिपूस नसताना. काकींना ते घड्याळाशिवाय कळतं. त्या खडकावर कपडे आपटत होत्या, मी पाय सोडून बसले होते. समोरच्या काठाला बंगल्यांचे दिवे लागत होते, एकेक करून, शुक्रवार होता.

काकी मधेच थांबल्या. कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही.

"उठ," त्या म्हणाल्या, आणि बादली उचलून एक खडक वर सरकल्या.

माझ्या घोट्याला होतं ते पाणी पोटरीला आलं.